सूर घरी जुळवावा की विकत आणावा?

मावळातले बेडशाचे लेणे तुमच्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिले असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेण्यात एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतला एक लहानसा लेख आहे. नाशिकच्या आनंद नावाच्या शेटीचा मुलगा पुष्यणक, त्याचे हे दान, एवढाच त्याचा मजकूर. ज्याने पैसे दिले त्याचे नाव त्यामुळे आपल्याला कळते. ज्यांनी छिन्नी चालवली त्यांची नावे त्या लेखात नाहीत. वस्तू पैसे देऊन मिळवावी की आपल्या हातांनी करावी, आणि दोन्हींपैकी कशात काय गाठीला लागते, हा प्रश्न निदान तेवढा तरी जुना आहे. आज तो आपण एका अगदी वेगळ्या वस्तूबद्दल विचारणार आहोत. विजेवर सूर काढणारे वाद्य, ज्याला सिंथेसायझर म्हणतात, त्याचे सुटे भाग घरी करावेत की बाजारातून आणावेत?

‘घरी केले म्हणजे स्वस्त पडते’ असे आपण सर्रास म्हणतो. लोणच्याच्या बाबतीत ते खरे असेल. विद्युत् उपकरणांच्या बाबतीत ते बहुधा खोटे असते, आणि विज्ञान प्रदर्शनातल्या टेबलांवर हे खोटे दरवर्षी मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : ‘खर्च फक्त १५० रुपये’. हा आकडा कसा चुकतो ते आपण पाहू. आणि तो चुकीचा असूनही मी तुम्हाला घरी करायला का सांगणार आहे, तेही पाहू.

आधी ही वस्तू काय आहे ते समजून घ्या. बेडशाचे लेणे एकाच कातळातून काढलेले आहे. खांब बाहेर घडवून आणला आणि बसवला, असा प्रकार तेथे नाही. खांब कोरताना मोठा कपचा उडाला तर दुसरा खांब आणता येत नाही. मॉड्युलर सिंथेसायझरची रचना याच्या नेमकी उलट असते. येथे प्रत्येक काम वेगळ्या सुट्या डब्याकडे सोपवलेले असते. अशा एका डब्याला मॉड्यूल म्हणतात. एक मॉड्यूल नुसता सूर निर्माण करते. त्याला आपण आंदोलक म्हणू. दुसरे त्या सुरातले तीव्र, टोचणारे अंश गाळून टाकते; ती गाळणी. तिसरे आवाज लहानमोठा करते; तो वर्धक. चौथे प्रत्येक स्वराचा आवाज कसा उठावा आणि कसा विरावा ते ठरवते. सतारीची तार छेडली की आवाज एकदम उठतो आणि हळूहळू मरतो, बासरीचा मात्र फुंकर असेपर्यंत टिकतो. हा फरक चौथ्या मॉड्यूलच्या हाती. हे डबे वायरींनी एकमेकांना हवे तसे जोडायचे. एक बिघडला तर तेवढाच काढून दुरुस्त करायचा, बाकीचे चालू राहतात. दिंडीत एक टाळकरी दमून मागे राहिला म्हणून भजन थांबत नाही, तसेच हे.

या डब्यांची खरी गंमत अशी की ते एकमेकांशी व्होल्टतेच्या भाषेत बोलतात. चौंडके वाजताना तुम्ही पाहिले असेल. काखेत धरलेल्या त्या वाद्याची तार हाताने ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. आंदोलकात ताण देणारा हात नसतो, त्याच्या जागी बाहेरून येणारी व्होल्टता असते. पुष्कळशा यंत्रांत असा ठराव आहे की व्होल्टता एक व्होल्टने वाढली की सूर बरोबर एका सप्तकाने चढावा, म्हणजे कंप्रता दुप्पट व्हावी. सोय उत्तम आहे. पण याच ठरावामुळे आंदोलक घरी करणे अवघड होऊन बसते. त्याकडे नंतर येऊ.

अमेरिकेत रॉबर्ट मूग या अभियंत्याने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराबरोबर १९६४ साली अशा मॉड्यूलांचे वाद्य उभे केले. हा मूग मुळात कोण होता? हात न लावता वाजणारे ‘थेरेमिन’ नावाचे वाद्य घरी जोडून पाहणारा एक मुलगा. पुढे तो थेरेमिनच्या सुट्या भागांचे संच विकू लागला. ज्याला हवे त्याने ते आणावेत आणि स्वतः जोडावेत. म्हणजे ‘घरी करणे’ आणि ‘विकत घेणे’ यांच्या मधली जी वाट आहे, संच आणून जोडण्याची, ती या विद्येत पहिल्यापासून आहे.

आपल्या देशात हे वाद्य आले ते विकत घेऊनच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगची मॉड्युलर यंत्रणा आली. न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ती तेथे बसवून दिली, आणि पुढची तीनएक वर्षे काही भारतीय तरुणांनी तीवर ध्वनिफिती तयार केल्या. त्या फिती पुढे कपाटात पडून राहिल्या. त्यांतल्या निवडक रचना जगाला ऐकायला मिळाल्या त्या थेट २०२३ साली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी सत्तरीच्या दशकात मूगचे लहान यंत्र वापरात आणले. आणि मुंबईचेच वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी बनावटीची तीन यंत्रे जोडून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी ती फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले ऐकणारे चकित झाले. नृत्यसंगीताचा जो प्रकार पुढे शिकागोत जन्मला असे ते समजत होते, त्याच्याशी विलक्षण जुळणारे काहीतरी मुंबईत आधीच होऊन गेले होते!

हे उदाहरण मी मुद्दाम दिले. ‘विकत घेणारा तो नुसता गिऱ्हाईक, करणारा तोच खरा वैज्ञानिक’ असा एक गर्व हाताने काम करणाऱ्यांच्या अंगी चटकन येतो. चरणजित सिंग यांनी यंत्रे बनवली नव्हती. पण ती यंत्रे बनवणाऱ्यांना न सुचलेला उपयोग त्यांना सुचला, कारण त्यांच्या कानांत राग पक्के बसलेले होते. तेव्हा विकत घेणे कमीपणाचे मुळीच नाही.

आता हिशेब. समजा, तुम्ही बेडशाला राहता आणि कामशेतच्या शाळेत जाता. तुम्हाला एक साधा आंदोलक करायचा आहे. त्यासाठी ‘५५५’ नावाची आयसी घेऊ. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखलेली ही आयसी अजूनही जगभर वापरात आहे आणि आपल्याकडे दहाएक रुपयांत मिळते. तिच्याबरोबर दोन रोधक लागतात आणि एक धारित्र. कंप्रता काढण्याचे सूत्र सोपे आहे : पहिल्या रोधात दुसऱ्या रोधाची दुप्पट मिळवा, त्या बेरजेला धारितेने गुणा, आणि येणाऱ्या गुणाकाराने १.४४ ला भागा. रोध ओहममध्ये आणि धारिता फॅरडमध्ये घ्यायची, म्हणजे उत्तर हर्ट्झमध्ये येते.

पहिला रोध १० किलोओहम, दुसरा २५ किलोओहम आणि धारित्र ०.१ मायक्रोफॅरडचे घ्या. बेरीज ६० किलोओहम होते आणि उत्तर येते २४० हर्ट्झ. हा आपला षड्ज. आता फक्त दुसरा रोध १५ किलोओहम करा : ३६० हर्ट्झ, म्हणजे पंचम. १० किलोओहम केला तर ४८० हर्ट्झ, तार षड्ज. दुसऱ्या रोधाच्या जागी ५० किलोओहमचा फिरवता रोधक, म्हणजे रेडिओच्या आवाजाची कळ असते तसला, बसवला की सगळे सप्तक तुमच्या बोटांत आले. आयसीच्या तिसऱ्या पायातून १०० ओहमचा एक रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे एक धारित्र मधे घालून लहान स्पीकर जोडायचा, ९ व्होल्टची बॅटरी लावायची, आणि सूर बोलू लागतो. आवाज गोड नसतो हे आधीच सांगून ठेवतो. सनईपेक्षा डासाशी त्याचे नाते अधिक.

खर्च किती? आयसी, रोधक, धारित्रे, फिरवता रोधक, स्पीकर, बॅटरी, तिची टोपी आणि जोडणीची भोकांची पट्टी, सगळे मिळून आजच्या भावाने दीडशे ते दोनशे रुपये. दुकानागणिक थोडे इकडेतिकडे. प्रदर्शनातला तो ‘फक्त १५० रुपये’ येथून येतो.

पण हे सामान कामशेतच्या बाजारात मिळेलच असे नाही. लोकलने शिवाजीनगरला उतरून बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत जावे लागेल. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. जाण्यायेण्याचे भाडे आणि एक अख्खा रविवार गेला. तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर एक आयसी उलटी बसवून जळणार, म्हणून तीन घ्या. सोल्डरिंग आयर्न हवे, डाख देण्याची तार हवी, वायर सोलायचा चिमटा हवा आणि वीज कोठे अडली ते पाहायला मल्टिमीटर हवा. ही हत्यारे अगदी साधी घेतली तरी आठशे-हजार रुपये होतात. शिवाय एक वस्तू दुकानात विसरणार आणि पुढच्या रविवारी पुन्हा लोकल! अशा रीतीने दोनशे रुपयांचा आंदोलक पहिल्या खेपेला बाराशेला पडतो, रविवार वेगळेच.

तेवढ्याच पैशांत, किंबहुना कमीत, खेळण्यांच्या दुकानात बॅटरीवरचा छोटा कीबोर्ड मिळतो. त्यात तीन सप्तके असतात, तबल्यासारखे ठेकेही असतात, आणि तो तुमच्या आंदोलकापेक्षा सुरात असतो. गाणे वाजवणे एवढाच तुमचा हेतू असेल तर तो घ्या, मी अडवणार नाही. त्याहून स्वस्त वाटही आहे. शाळेत संगणक असेल तर ‘व्हीसीव्ही रॅक’ नावाची आज्ञावली फुकट मिळते. पडद्यावर मॉड्यूले मांडायची आणि माउसने वायरी जोडायच्या. एक पैसा न खर्चता शेकडो मॉड्यूले. आंदोलक म्हणजे काय, गाळणी काय करते हे ऐकून समजायला याच्याइतके चांगले साधन नाही. शिक्षकांनी तर सुरुवात तेथूनच करावी असे माझे मत आहे.

आता खऱ्या, संगीतकार वापरतात त्या मॉड्यूलांचा भाव पाहा. त्यांचे सर्वांत प्रचलित माप जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर रूढ केले. उंची १२८.५ मिलिमीटर, दोन्ही बाजूंनी १२ व्होल्ट वीज आणि बारीक गोल खोबणीच्या वायरी. अशा एका आंदोलकाची किंमत शंभर-दोनशे युरोंच्या घरात जाते. रुपयांत दहा हजारांच्या वर, शिवाय टपाल आणि सीमाशुल्क. एका मॉड्यूलने काही होत नाही; निदान चारपाच लागतात, आणि त्यांना बसवायला वीजपुरवठा असलेली पेटी. शाळकरी मुलाच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही, हे उघड आहे.

‘आतली आयसी वीस-पन्नास रुपयांची आणि डबा दहा हजारांचा, ही तर लूट!’ असे म्हणायचा मोह होतो. पण उघडून पाहा. आयसी आणि ट्रान्झिस्टर हा खर्चाचा लहान भाग असतो. पैसा जातो तो धातूच्या कामात : पत्र्याचे तोंड, त्यावरची छपाई, कळा, त्यांचे फिरवते रोधक, आणि वायरी खुपसायच्या दहाबारा खोबण्या. तुम्ही घरी करायला बसलात तर हा खर्च तुम्हालाही चुकत नाही, उलट जास्त पडतो. कारखानदार खोबण्या हजारांच्या संख्येने घेतो, तुम्ही आठ घेणार. उरलेल्या पैशांत आराखडा करणाऱ्याचा वेळ, तपासणी, बिघडल्यास बदलून देण्याची हमी आणि दुकानदाराची अडत असते.

हे गणित नीट मांडून पाहा. हत्यारांचे हजार रुपये हा एकदाच करायचा खर्च आणि प्रत्येक आंदोलकाचे दोनशे हा दरवेळचा. एक केला तर बाराशे. पाच केले तर प्रत्येकी चारशे. दहा केले तर तीनशे. चाळीस केले तर सव्वादोनशे. (चाळीस मुलांना एक सोल्डरिंग आयर्न पुरणार नाही, चार लागतील, मग आकडा काय होतो ते तुम्हीच काढा.) संख्या कितीही वाढवली तरी दोनशेच्या खाली उतरत नाही, पण पहिल्या दहांत किंमत कशी कोसळते पाहा. याचा अर्थ असा की एकट्याने घरी करणे महाग आहे, आणि तेच वर्गाने मिळून केले तर स्वस्त. जो हिशेब एका मुलाच्या खिशाला परवडत नाही, तो शाळेला सहज परवडतो.

येथपर्यंत पैशांचे झाले. आता ती अवघड गोष्ट, जिच्याकडे नंतर येऊ असे म्हटले होते.

तुमच्या आंदोलकातला तो ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र चकतीसारखा, स्वस्तातला असेल. त्यावर छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत २० टक्क्यांचा फरक सहज असू शकतो. तो २० टक्क्यांनी मोठा निघाला तर २४० च्या जागी २०० हर्ट्झ येतात, म्हणजे सूर तीन श्रुतिस्वरांनी नव्हे, पेटीच्या तब्बल तीन पट्ट्यांनी खाली. फिरवत्या रोधकाने तो पुन्हा जुळवता येतो. पण आता यंत्र वाजत असताना तापलेले सोल्डरिंग आयर्न त्या धारित्राजवळ न्या, टेकवू नका. सूर सरकू लागेल! तो चढतो की उतरतो आणि किती, हे धारित्राच्या जातीवर अवलंबून आहे. चार वेगळ्या जातींचे धारित्र आणून हा प्रयोग करा. पैशाला पासरी मिळणारी ही चकती उष्णतामापक म्हणूनही वापरता येते, हे तुम्हाला कोणी न सांगता कळेल.

व्होल्टतेने चालणाऱ्या आंदोलकात हीच अडचण अधिक खोल जाते. एका व्होल्टला एक सप्तक हा ठराव पाळायला ट्रान्झिस्टरचा एक सुंदर गुण वापरतात. त्याला दिलेली व्होल्टता साधारण १८ मिलिव्होल्टने वाढवली की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. पुन्हा १८ वाढवली की पुन्हा दुप्पट. सप्तकही दुपटीनेच चढते, त्यामुळे दोहोंची जोडी झकास जमते. पण हे १८ मिलिव्होल्ट निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतात. खोलीचे तापमान केल्व्हिनमध्ये सुमारे ३०० असते. म्हणजे एका अंशाला तीनशेत एक एवढा फरक, आणि दहा अंशांना तिसात एक. सप्तकाचे १२०० बारीक भाग मानतात, त्यांना सेंट म्हणतात; पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. तेव्हा दहा अंशांच्या फरकाने एका सप्तकामागे ४० सेंट चूक होते. लोणावळ्याच्या बाजूला डिसेंबरात पहाटे आणि दुपारी दहा अंशांहून अधिक फरक पडतो. पहाटे जुळवलेल्या यंत्राचा षड्ज दुपारी तुम्ही पुन्हा जुळवून घेतलात, तरी तार षड्ज जवळजवळ अर्ध्या पट्टीने बेसूर. गवयाने असे केले तर लोक उठून जातील.

याला उपाय आहे. एकसारखे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवायचे आणि तापमानाबरोबर नेमक्या त्याच प्रमाणात रोध वाढवणारा एक खास रोधक त्यांना चिकटवायचा. पण असे जोडीचे ट्रान्झिस्टर निवडायला डझनावारी मोजावे लागतात, तो खास रोधक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, आणि नंतर तासभर कान देऊन बारीक स्क्रू फिरवत बसावे लागते. विकतच्या आंदोलकाच्या किमतीत हे सगळे आलेले असते. म्हणून माझे मत असे : ज्याला खरोखर कार्यक्रमात वाजवायचे आहे त्याने असा आंदोलक विकत घ्यावा, निदान संच आणून जोडावा. शाळेत ‘५५५’चा करावा, आणि तो बेसूर का होतो याची वही ठेवावी.

वर्धक आणि गाळणी मात्र जरूर हाताने करा. त्यांत थोडी चूक झाली तर आवाज किंचित वेगळा येतो, बेसूर होत नाही. एक रोधक आणि एक धारित्र एवढ्यांचीही गाळणी होते. तुणतुण्याचे पोकळ लाकूड तारेच्या आवाजातले काही अंश फुलवते आणि काही दाबते; ती गाळणीच आहे, फक्त तिला वीज लागत नाही. डब्याला तोंड म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा घासून वापरा. ॲल्युमिनियमच्या पट्टीचे पैसे वाचतील.

एका गोष्टीबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालणारा वीजपुरवठा शाळकरी मुलांनी घरी करू नये. तो चांगल्या बनावटीचा विकत आणावा, नाहीतर बॅटऱ्या वापराव्यात. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या आणि मधला सांधा शून्य मानला, की दोन्ही बाजूंची वीज मिळते. येथे चारशे रुपये वाचवण्याच्या नादात काय गमवावे लागेल, ते कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

नाद घुमवणारे आणखी एक मॉड्यूल असते. विकत घेतले तर त्याला काही हजार रुपये पडतात. कोणी लांब स्प्रिंगमधून आवाज पाठवून घरी करतो. बेडशाकरांची येथे सोय आहे. चैत्यगृहात शिरून एकच टाळी वाजवा आणि ऐका. सभागृहाची लांबी सुमारे १४ मीटर. वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला समोरची भिंत १७ मीटरांवर तरी हवी, हे तुम्ही नववीच्या आसपास शिकता. म्हणून येथे ‘टाळी, मग पुन्हा टाळी’ असे न होता एकच टाळी रेंगाळत विरते. यालाच निनाद म्हणतात. टाळी पुरे, लेण्यात स्पीकर लावून गोंगाट करू नका. ते संरक्षित स्मारक आहे, आणि कड्यावर मधमाश्या असतील तर त्यांना तुमचे संगीत आवडेलच असे नाही.

आता शिक्षकबंधू-भगिनींसाठी थोडे. नीति आयोगाने २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची योजना सुरू केली आणि निवडलेल्या शाळेला पाच वर्षांत मिळून वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरवले. ही लहान रक्कम नव्हे. तिच्यातून तयार संच येतात, आणि तयार संचांचा एक रोग असतो : ते मोजून घ्यावे लागतात. एका शाळेत मी असे संच पाहिले आहेत. कपाटाला कुलूप, प्रत्येक खोक्यावर क्रमांक, आणि एक जरी तुकडा हरवला तर जबाबदार कोण, या धास्तीने खोकी वर्षानुवर्षे बंद. गुरुजींचा यात दोष नव्हता. जी वस्तू मोडली तर भरून द्यावी लागते ती कोण मुलांच्या हाती देईल? दहा रुपयांच्या आयसीला कुलूप लागत नाही. ती जळली तर ‘का जळली’ हा प्रश्न विचारता येतो, ‘कोणी जाळली’ हा विचारावा लागत नाही. माझ्या मते शाळेने हत्यारे चांगली आणि महाग घ्यावीत, वीजपुरवठा विकतचा घ्यावा, आणि बाकी पैसा जळण्यासाठी म्हणून सुट्या भागांवर खर्च करावा. खर्चाच्या नोंदवहीत ‘शिकताना जळालेले’ असा एक रकाना असायला कोणी हरकत घेऊ नये.

वेळेबद्दल कोणी विचारील. पहिला आंदोलक बोलता व्हायला दोन-तीन रविवार जातात, चार मॉड्यूलांना एक सत्र. धंदेवाल्याच्या हिशेबात हा वेळ पैशांत धरावा लागतो आणि मग विकतचा डबा निर्विवाद स्वस्त ठरतो. तुमचा वेळ अजून कोणी विकत घेतलेला नाही. तरीपण दहावीच्या वर्षी हे फेब्रुवारीत सुरू करू नका.

सुरू केलेत, तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा. प्रत्येक पानावर तारीख, त्या वेळचे तापमान, मोजलेली कंप्रता, आणलेले सामान आणि त्याचा भाव, लोकलचे भाडे, गेलेले तास, आणि जळालेल्या आयसींची संख्या. प्रदर्शनात यंत्राशेजारी हीच वही उघडून ठेवा आणि ‘फक्त १५० रुपये’ची पाटी लावू नका. पुढच्या वर्षीच्या तुकडीला यंत्राबरोबर वहीही द्या, म्हणजे ती पुन्हा पहिल्या आयसीपासून जाळत बसणार नाही. आणि पहिल्या पानावर, ज्यांनी डाख दिला त्या सगळ्यांची नावे लिहा.